लोक म्हणजे कोण

टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघणारी दुसरी व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही. आमच्या बाई बघायच्या. कुणाच्याही घरी संध्याकाळची मालिका सुरू झाली की त्या खुर्ची उचलून टीव्हीच्या शेजारी ठेवत, बघणाऱ्यांकडे तोंड करून बसत आणि मालिका संपेपर्यंत हलत नसत. पडद्यावर सासू सुनेला घराबाहेर काढत असायची आणि बाई बघणाऱ्यांच्या भुवया बघत असायच्या. एकदा त्यांनी हाच उद्योग थेटरात केला. पहिल्या रांगेत उलट्या बसल्या. मागच्यांनी तक्रार केली, डोअरकीपर आला, आणि बाई त्यालाच विचारू लागल्या की तक्रार सिनेमा दिसत नाही म्हणून आहे, की कुणीतरी आपल्याला बघतंय म्हणून. त्याने त्यांना बाहेर आणून सोडलं. हा प्रसंग बाई दरवर्षी वर्गात सांगत आणि शेवटी म्हणत, "प्रश्न मात्र त्याला आवडला होता."

बाई कर्वेनगरातल्या एका कॉलेजात माध्यमांचे सिद्धांत शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि नंतर त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी झाले. सहकारी झाल्यावरही माझा तास काही संपला नाही. त्यांना मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. मॅडम दुकानात असतात, इथे बाई, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्या कुणाला 'आपण' म्हणाल्या की त्या माणसाची आता खैर नाही, हे विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. उंची बेताची, साडी कायम सुती, आणि चष्मा इतका जाड की तो काढला तर समोर माणूस आहे की कपाट, हे त्यांना आवाजावरून ठरवावं लागे. तरी त्या लुना चालवत. पुण्याच्या रस्त्यावर दिसून तरी काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमचा विषय म्हणजे नावांचं जंगल. कोणत्या देशातल्या कोणत्या विद्वानाने कोणता सिद्धांत मांडला, हे पाठ करण्यातच पोरांचं वर्ष जायचं. बाईंनी यावर सोपा उपाय काढला होता. त्या नावं सांगतच नसत. "नाव सांगितलं की तुम्ही नाव पाठ करता आणि विचार तिथेच सोडून घरी जाता," असं म्हणत. त्यामुळे आमच्या वर्गात थोरथोर विद्वान असे वावरत, जणू आळीतलीच मंडळी आहेत. कॅनडाचे ते गृहस्थ, दोन पायऱ्यांवाले दोघे, पेपर-अजेंड्यावाले अमेरिकन आणि जर्मन बाई. विद्यापीठाला मात्र नावं लागत. म्हणून परीक्षेच्या आधी बाई सगळ्या नावांचा एक कागद फळ्याशेजारी चिकटवत. त्यावर मथळा असे, 'ज्यांना विचार कळला नाही त्यांच्यासाठी'. तो कागद उतरवून घेताना कुणी आपल्याला बघत नाही ना, हे प्रत्येकजण बघून घेई.

कॅनडाच्या गृहस्थांचा सिद्धांत त्यांनी तारेवरून शिकवला. पूर्वी दारात तारवाला आला की बायका आधी रडायला लागत आणि मग तार उघडत. आत अभिनंदन असलं तरी रडून झालेलं असे. निरोप काय आहे हे नंतरचं, तो कशातून आला यानेच अर्धं काम केलेलं असतं. झाला सिद्धांत. त्यावर आम्हाला इंग्रजी पुस्तकातली जी पानं वाचायला सांगितली होती, ती मी नंतर वाचली. त्यांत यापेक्षा जास्त काही होतं, पण कळलं ते तारेमुळेच.

अजेंड्याचा, म्हणजे घरोघरी कशावर बोललं जाईल हे पेपर कसं ठरवतो याचा, तास तर मला आजही पाठ आहे. त्या हिवाळ्यात खडकवासल्याकडच्या टेकड्यांत बिबट्या दिसल्याची बातमी आली होती आणि मग रोज येत राहिली. बाई वर्गात आल्या आणि त्यांनी विचारलं, बिबट्या कुणी पाहिला. कुणीच नाही. कोणाकोणाच्या घरी काल बिबट्यावर चर्चा झाली. सगळ्यांचे हात वर. पाणी एक दिवसाआड होणार आहे हे कुणाला माहीत आहे. पुन्हा कुणीच नाही. बातमी त्याच पेपरात होती, आतल्या पानावर, खाली. बाईंनी पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बिबट्या आपल्या घरी येणार नव्हता. पाणीही येणार नाही. पण आपण वाट कुणाची बघितली?" त्या दिवशी 'आपण' सगळ्या वर्गालाच होतं.

एका अमेरिकन विद्वानाचं प्रसिद्ध सूत्र आहे. कोण म्हणालं, काय म्हणालं, कशातून, कुणाला आणि परिणाम काय झाला. जगभर ते परीक्षेत पाच गुणांना विचारतात. बाई ते भाजी घेताना विचारत. भाजीवाला म्हणाला, उद्या टोमॅटो महागणार म्हणतात, की यांचं सुरू. कोण म्हणतात? तुम्हाला म्हणाले की दुसऱ्याला? तुम्ही स्वतः ऐकलं? शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणे, बाई, टोमॅटो घ्या नाहीतर राहू द्या, पण गिऱ्हाईक खोळंबलंय. त्यांच्या घराच्या दारावर पाटीही होती. दारावर पाटी असणं ही काही पुण्यात सांगायची गोष्ट नव्हे, पण ही जरा वेगळी होती. 'निरोप देणाऱ्याने तो स्वतः ऐकला की ऐकीव आहे, हे ठरवून मगच बेल वाजवावी.' परिणामी बाईंची बेल फारशी वाजत नसे.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'लोक'. वर्गात कुणी "लोक म्हणतात" असं वाक्य सुरू केलं की बाई हात वर करून थांबवत. "लोक म्हणजे कोण? त्यांचा फ्लॅट नंबर सांगा." पोरं हसत. बाई हसत नसत. लोक नावाचा माणूस अजून कुणाला भेटलेला नाही आणि निम्मा पेपर त्याच्याच नावावर छापला जातो, असं त्या म्हणत. फ्लॅट नंबर सांगता आला नाही तर वाक्य मागे घ्यायचं, हा वर्गाचा नियम होता.

जर्मन बाईंचा सिद्धांत आमच्या बाई वर्षाच्या अगदी पहिल्या तासाला शिकवत, तोही न सांगता. आमच्या वर्षी त्या आल्या, फळ्यावर 'संदेशाचे त्रिदल परावर्तन' असं लिहिलं आणि तास संपत येईपर्यंत गंभीर चेहऱ्याने त्यावर बोलल्या. आकृती काढल्या, बाण काढले. आम्ही वह्या भरभरून लिहून घेतलं. मला एक अक्षर कळत नव्हतं. शेजारची मान डोलवत होती, म्हणून मीही डोलवत होते. शेवटी बाईंनी विचारलं, शंका? कुणालाच नव्हती. मग त्यांनी सांगितलं की हे परावर्तन त्यांनी सकाळी अंघोळ करताना रचलं आहे आणि त्याला कसलाही अर्थ नाही. शेजारचीनेही माझ्याकडे बघूनच मान डोलवली होती, हे नंतर कळलं. बाकीच्यांना कळतंय असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्यावरून दुसऱ्याला वाटतं की याला कळतंय, म्हणून तोही गप्प बसतो, आणि असा हा गप्प बसण्याचा भोवरा फिरत राहतो. एकटं पडायची भीती माणसाला मरणापेक्षा जास्त असते, बाई म्हणाल्या. इतका सुटल्यासारखा वर्ग मी नंतर कधी पाहिला नाही. सगळेच माठ निघाले याचा केवढा आनंद असतो, ते तेव्हा कळलं.

आमच्या घरी बाई पहिल्यांदा आल्या त्या मालिका बघायला, म्हणजे अर्थातच तिच्याकडे पाठ करायला. भवानी पेठेत आमच्या सासऱ्यांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत आमचं सगळं कुटुंब. एकच मालिका वेगवेगळ्या घरांत कशी वेगवेगळी बघितली जाते, यावर बाईंचं काम चालू होतं. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. अम्मींना आधी वाटलं की या पाहुण्या रागावून तोंड फिरवून बसल्यात. मग त्यांना गंमत वाटली. मालिकेतली सून कपाळाला हात लावून रडत होती आणि अम्मी म्हणाल्या, ही रडतेय खरी, पण हिने सकाळपासून एक भांडं घासलेलं दिसलं नाही. बाई इतक्या खूश झाल्या की टाळी द्यायला पुढे झाल्या. लिहिणाऱ्याने एक अर्थ पाठवला आणि अम्मींनी दारातून तो परत करून आपला लावला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. अम्मींना हे मी घरी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, एवढं शिकून बाईंना हेच कळलं का, आणि तरी दिवसभर खुशीत होत्या.

त्याच भेटीत बाईंनी आमच्या मुलीचा श्वास ऐकला. ती तेव्हा शाळेत जायच्या वयाची होत होती. खाली दिवसभर पत्रा कापला जाई, ट्रंकांना तैलरंग मारला जाई, आणि तो वास जिन्याने वर येई. मुलीला दमा होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की औषधं मी देतो, पण जागा तुम्ही बदला. माझे यजमान हडपसरला एका कारखान्यात होते. दोघांचे पगार मिळून भाड्याचं घर परवडत होतं. प्रश्न भाड्याचा नव्हताच.

पुण्यात नकारसुद्धा नीट पाणी विचारून देतात. घर दाखवत, मुलीचं कौतुक होई, चहा येई. कप अर्धा झाला की आडनाव विचारलं जाई आणि उरलेला चहा आपोआप गार होई. मग प्रत्येकजण तेच वाक्य बोले. माझं काही नाही हो, पण लोक... वाक्य पुरं कुणीच करत नसे. मला त्या अर्धवट वाक्याची इतकी सवय झाली की पुढे पुढे मी चहा आडनाव विचारायच्या आधीच संपवायला लागले. यजमान यावर हसत. जिन्यातून खाली उतरेपर्यंत ते हसू टिकत नसे.

मग बाईंच्याच सोसायटीत, त्यांच्या डोक्यावरचा फ्लॅट रिकामा झाला. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मागे मोकळी जागा, वारा भरपूर. मालक अमेरिकेत होते. ते फोनवर म्हणाले, मला काहीच अडचण नाही, फक्त सोसायटीचं पत्र आणा. मी चेअरमनांना भेटले. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. ते म्हणाले की त्यांची वैयक्तिक हरकत मुळीच नाही, उलट मी किती छान मराठी बोलते. मी म्हणाले, धन्यवाद. आमच्या पाच पिढ्या या शहरात भांडल्यात, त्या कुठल्या भाषेत भांडल्या असतील असं त्यांना वाटलं, ते मी विचारलं नाही. घर हवं असलं की माणूस बरंच काही विचारत नाही. चेअरमन पुढे म्हणाले, पण लोकांचं बघावं लागतं. रविवारी मिटिंग आहे, विषय घेतो, पण आशा ठेवू नका.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या डबा खात होत्या. त्या सवयीने म्हणाल्या, लोक म्हणजे कोण? आणि त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर भडकले. "बाई, हा वर्ग नाहीये. माझी मुलगी रात्री बसून झोपते. तुम्ही त्या मिटिंगला येऊन विचारा ना हा प्रश्न."

बाईंनी डबा बंद केला. तो पिशवीत ठेवत म्हणाल्या, की त्या मिटिंगला जात नाहीत. मी थक्क झाले. विद्यापीठाच्या सभेत कुलगुरूंना फ्लॅट नंबर विचारणारी ही बाई, आणि स्वतःच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खाली उतरत नाही. मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी कुणाच्यातरी स्कूटरची बॅटरी चोरीला गेली होती आणि वॉचमनने घेतली असं सगळीकडे झालं होतं. मिटिंगमध्ये त्याला काढायचं ठरत होतं. बाईंनी उठून आपले नेहमीचे प्रश्न एकेकाला विचारले. तुम्ही पाहिलं? मग कुणी सांगितलं? त्यांना कुणी? फिरत फिरत तो दोरा कुठेच पोचला नाही. वॉचमन राहिला. पण त्यानंतर मिटिंगमध्ये एकही माणूस बोलला नाही. माना खाली घालून सगळे उठून गेले. "त्या शांततेत मला कळलं, यांना मी नको आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून मी माझ्या पायरीने राहते."

दारावरच्या पाटीचा अर्थ मला तेव्हा जरा वेगळा लागला. रविवारी सकाळी मी यजमानांना मुलीजवळ ठेवून एकटीच गेले, ती नकार ऐकायला. कुणीतरी तो समोर बसून ऐकावा एवढीच माझी इच्छा होती. पार्किंगमधल्या स्कूटर बाजूला सारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी कडेला बसले. आणि जिन्यावरून बाई उतरल्या. सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं. बाईंनी ती शांतता ऐकली, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. तरी त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या. आधाराला कठडा धरावा तशी त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

पाण्याची टाकी, लाइटबिल, कुत्र्याचं भुंकणं असे विषय झाल्यावर चेअरमनांनी घसा साफ केला. वरच्या फ्लॅटसाठी एक भाडेकरू आहेत, प्राध्यापिका आहेत, माणसं सज्जन आहेत, त्यांचं स्वतःचं काहीच म्हणणं नाही, परंतु लोकांच्या भावना लक्षात घेता. ते तिथेच थांबले. तेच वाक्य, तिथेच. मागून कुणीतरी म्हणालं, हो ना, आपलं काही नाही, पण इतरांचा विचार करावा लागतो. आणखी दोघांनी माना हलवल्या. तीन नंबरच्या काकू, म्हणजे बाईंच्या जिन्यातल्याच एक ठसठशीत गृहिणी, पदराच्या टोकाशी चाळा करत गप्प होत्या. मी पर्स उचलली.

बाई उभ्या राहिल्या. आवाज बारीक आला, वर्गातला नव्हता. त्या म्हणाल्या, मतदान घ्या, पण माझ्या पद्धतीने. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्यांची स्वतःची हरकत नाही, त्यांनी हात वर करायचा. स्वतःची, शेजाऱ्याची नव्हे. मिटलेल्या डोळ्यांनी कुणाला कुणाचा हात दिसणार नाही.

शाळा आहे का ही, असं कुणीतरी पुटपुटलं. चेअरमन बँकेतले. त्यांनी लगेच चूक काढली. आमचे डोळे मिटलेले, पण तुम्ही तर बघणार. बाईंनी क्षणभर विचार केला, चष्मा काढला आणि हात पुढे करून चाचपडत चेअरमनांच्या हातात दिला. "आता माझ्यासाठी तुम्ही सगळे भिंत आहात," त्या म्हणाल्या. मग माझ्या दिशेने वळून म्हणाल्या, तूही मीट.

मी डोळे मिटले. प्रार्थना वगैरे काही सुचली नाही. मुलगी आत्ता काय करत असेल एवढंच मनात आलं. कुठेतरी एक खुर्ची करकरली. मग बांगड्या वाजल्या. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कुठेतरी कापडाची सळसळ. एवढ्या आवाजांवरून काय ते कळेना. कुणीतरी नाक ओढलं, तेही मला विरोधीच वाटलं.

"हात खाली न घेता," बाई म्हणाल्या, "डोळे उघडा."

मी उघडले. सगळे हात वर होते. अगदी सगळे नव्हेत. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा हात मांडीवर होता आणि एक आजोबा डोळे मिटायला सांगितल्यावर खरोखरच झोपले होते. बाकी सगळे. 'इतरांचा विचार करावा लागतो' म्हणणारे मागचे गृहस्थ, मान हलवणारे दोघे, काकूंचा बांगड्यांसकट हात. आणि चेअरमन. त्यांचा उजवा हात सगळ्यांत उंच होता आणि त्यात बाईंचा चष्मा होता.

कुणी बोलेना. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता आणि मग आपल्या हाताकडे. एवढे दिवस जे लोक आडवे येत होते, ते त्या पार्किंगमध्ये कुठेच सापडत नव्हते. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही आवरण्यातच मी गुंतले होते.

त्या सगळ्या शांततेत बाई एकट्या उभ्या होत्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी थोडी वाट बघितली. मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्या हळूच म्हणाल्या, "गप्प का आहात? नाही म्हणालात ना?"

"अहो, त्यांना चष्मा द्या आधी," काकू म्हणाल्या.

चेअरमनांनी गडबडीने चष्मा दिला. बाईंनी तो चढवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सगळे हात बघितले. मोजले नाहीत, नुसते बघितले. मग त्यांनी मांडीवर हात ठेवलेल्या गृहस्थांकडे वळून त्यांचे मनापासून आभार मानले. तुमच्यामुळे बाकीच्यांवर विश्वास बसला, असं म्हणाल्या. ते गृहस्थ पुढेही आमच्याशी जिन्यात कधी बोलले नाहीत, पण दिवाळीत त्यांच्या पायरीवरची पणती आमच्या दाराकडेही उजेड पाडायची आणि त्यांनी ती कधी सरकवली नाही. चालायचंच.

मिटिंग संपली असं चेअरमनांनी जाहीर केलं, तरी कुणी उठेना. माणसं अशी मोकळी होऊन बोलायला लागली, जणू घर त्यांनाच मिळालं आहे. मला तर वाटत होतं तुमचाच विरोध आहे. अहो, मला वाटलं तुमचा. चेअरमन माझ्याजवळ आले आणि पत्र संध्याकाळीच देतो म्हणाले. मग कपाळ पुसत त्यांनी कबूल केलं की आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं, नाही कसं म्हणायचं याच्याच काळजीत होते. मला त्यांची दया आली. माझं जेवण किती दिवस गेलं नव्हतं, ते मी सांगितलं नाही.

बाई जिन्याकडे निघाल्या होत्या. काकूंनी त्यांना अडवलं. एवढी वर्षं मिटिंगला का आला नाहीत, काकूंनी विचारलं. आम्ही समजत होतो, तुम्हाला आम्ही अडाणी वाटतो. त्या वॉचमनच्या वेळी तुम्ही बोललात आणि आम्हाला इतकी लाज वाटली की वर तोंड करून तुमच्याकडे बघवेना. नंतर आभार मानायला यायचं होतं, पण दारावर ती पाटी.

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून वाक्य निघालं ते कुठल्याही सामान्य माणसाच्या तोंडून निघावं तसं. "मला वाटलं, लोकांना मी नको आहे."

काकूंनी काही बाईंचा वर्ग केला नव्हता. पण एका जिन्यात राहून बाईंचं ते ठरलेलं वाक्य त्यांनी भाजीवाल्याजवळ, दूधवाल्याजवळ, पोस्टमनजवळ कितीतरी वेळा ऐकलं होतं.

"लोक म्हणजे कोण?" काकू म्हणाल्या. "फ्लॅट नंबर सांगा."

बाईंनी तोंड उघडलं. मग त्या सगळ्यांकडे बघायला लागल्या, एकेकाकडे, खरंच नंबर शोधत असल्यासारख्या. एक, दोन, तीन, चार. त्यांना एकही सापडला नाही. वर्गाच्या नियमाप्रमाणे त्यांनी वाक्य मागे घ्यायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि काकूंनी त्यांचा हात धरला.

आम्ही तिथे राहायला गेलो. मुलगी आडवी होऊन झोपायला लागली. पहिल्या काही रात्री मी उगाच उठून तिचा श्वास ऐकायची, आणि ऐकायला काहीच नसायचं. तेवढ्यावर मी परत झोपायची.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते आणि बाई चपला घालून दाराला कुलूप लावत होत्या. दारावर पाटीच्या जागी खिळ्याची नुसती भोकं होती. मी विचारलं, कुठे निघालात?

"लोकांकडे," बाई म्हणाल्या.

आणि त्या तीन नंबरमध्ये शिरल्या. दार उघडंच होतं. आत मालिका सुरू व्हायची होती, काकूंच्या घरची मंडळी जमली होती, आणि टीव्हीच्या शेजारी एक खुर्ची माणसांकडे तोंड करून आधीच मांडून ठेवलेली होती.